पैज, सट्टा व भाकीत : वऱ्हाडच्या संदर्भात एक विवेचन

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील जऊळका हे अकोला–पूर्णा लोहमार्गावरील एक लहानसे गाव होय. भोवतालचा मुलूख पूर्वापार कापसाचा. अलीकडे त्यात सोयाबीनची भर पडली आहे. युरोपातील क्लब-फुटबॉलशी अशा गावाचा संबंध काय, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडणे स्वाभाविक आहे. परंतु चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीतील सामना भारतीय वेळेनुसार रात्री साडेबारा वा दीड वाजता सुरू होतो, तेव्हा त्याच्या निकालाविषयीची भाकिते माद्रिदच्या रहिवाशास जितकी सुलभ असतात तितकीच हाती दूरध्वनी असलेल्या वऱ्हाडी तरुणासही असतात. त्या भाकितांवर विसंबून पैसा लावला जातो. हा व्यवहार सर्वस्वी नवा आहे, असा समज सर्वत्र दिसतो. तो कितपत खरा आहे, हे शब्दांच्या व व्यवहाराच्या इतिहासावरून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू जाता असे दिसते की, या व्यवहाराचे मराठीतील मुख्य शब्द तीन निरनिराळ्या कुळांतून आले आहेत. ‘पैज’ हा शब्द संस्कृत ‘प्रतिज्ञा’ या शब्दापासून, प्राकृत ‘पइज्जा’ या रूपाच्या द्वारे सिद्ध झाला. म्हणजे पैज मारणे ही मुळात पैशाची गोष्ट नसून शब्द देण्याची गोष्ट होती. ‘जुगार’ या शब्दाच्या मुळाशी ‘द्यूतकार’ आहे. ‘सट्टा’ हा देवाणघेवाणीच्या अर्थाच्या प्राकृत ‘सट्ट’ शब्दाचा वंशज असून, ‘साटेलोटे’ हा त्याचाच भाऊबंद होय. ‘शर्यत’ व ‘वायदा’ हे अरबी ‘शर्त’ व ‘वादा’ यांवरून आले. त्यांच्याही मुळाशी अट आणि वचन याच कल्पना आहेत. यांच्या जोडीला ‘भाकीत’ हा शब्द ठेवून पाहावा. ‘भाक’ म्हणजे वचन, ‘भाकणे’ म्हणजे बोलणे, पुढचे सांगणे. पैज आणि भाकीत हे दोन्ही शब्द अशा रीतीने उच्चारलेल्या व म्हणून बांधून घेणाऱ्या शब्दाचे वाचक ठरतात. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची आहे.

धर्मशास्त्रकारांनी या व्यवहाराचे दोन भेद मानले. निर्जीव साधनांनी खेळले जाणारे ते द्यूत, आणि सजीवांच्या झुंजीवर वा स्पर्धेवर पण लावून होणारा तो समाह्वय, हा भेद मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्पष्ट केलेला आहे. मनूने राजाला दोहोंचा निषेध करण्यास सांगितले. याज्ञवल्क्याने मात्र निराळी वाट धरली. सभिकाच्या, म्हणजे द्यूतगृह चालविणाऱ्याच्या देखरेखीखाली उघडपणे चालणारा खेळ त्याने मान्य केला. शंभर वा त्याहून अधिक पणाच्या खेळात सभिकाने शेकडा पाच, इतरत्र शेकडा दहा घ्यावेत, राजाचा वाटा त्यास द्यावा, आणि जिंकणाऱ्यास त्याचे धन मिळवून द्यावे, अशी व्यवस्था त्याने सांगितली. हाच विधी समाह्वयास लागू असल्याचेही त्याने नमूद केले. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिली, आणि त्याच घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त मल्ल, मेष, कुक्कुट इत्यादींच्या झुंजींची सविस्तर वर्णने आली. दख्खनच्या राजसभांना समाह्वय अपरिचित नव्हता, हे यावरून उघड होते. मराठीने तो शब्द मात्र टिकविला नाही. वस्तू राहिली, नाव गेले. विदर्भातील बैलजोड्यांचा शंकरपट हे अशा स्पर्धेचे ग्रामीण रूप होय. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने तो बंद पडला, आणि महाराष्ट्राने २०१७ साली केलेली कायदेदुरुस्ती २०२३ साली वैध ठरल्यावर त्यास पुन्हा पक्के अधिष्ठान मिळाले. फुटबॉलच्या सामन्यावरील पैज ही शास्त्रीय परिभाषेत समाह्वयातच मोडते.

शंकरपटात आणि फुटबॉलच्या पैजेत एक मूलभूत अंतर आहे. शंकरपटाची जोडी पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर धावते. फुटबॉलचा सामना सहस्रावधी मैलांवर होतो आणि येथे पोहोचतो तो केवळ आकडा. परंतु दूरच्या आकड्याशी नशीब जोडण्याची सवय वऱ्हाडास कापसाने पूर्वीच लावलेली होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला व वऱ्हाडी कापसाचे भाव एकाएकी चढले. युद्ध संपताच ते कोसळले, आणि मुंबईतील सट्ट्याचा फुगाही १८६५ साली फुटला. १८७० साली खामगावचा लोहमार्ग व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते खुला झाला. त्याच वर्षी मुंबई समुद्री तारेने सुएझमार्गे विलायतेशी जोडली गेली. खामगाव, अकोला वा कारंजा येथे गाडीभर कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याचे उत्पन्न त्यानंतर लिव्हरपूलहून येणाऱ्या तारेतील आकड्यावर अवलंबून राहू लागले. त्या आकड्यावर त्याची सत्ता नव्हती, आणि तो कसा ठरतो याचे ज्ञानही त्यास नव्हते.

येथूनच पुढची पायरी आली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडतीचे व बंद होतानाचे भाव मुंबईस येत; त्या भावांच्या शेवटच्या अंकांवर पैसा लावण्याचा प्रघात पडला, आणि ‘आकडा’ हा साधा गणिती शब्द जुगाराचे नाव बनला. १९६० नंतर न्यूयॉर्कच्या आकड्यांचा आधार नाहीसा झाला तरी खेळ थांबला नाही. कल्याणजी भगत व रतन खत्री यांच्या नावांशी निगडित असलेला मटका त्याच दशकात उदयास आला. बाजाराचा आकडा गेला, त्याच्या जागी चिठ्ठ्यांनी वा पत्त्यांनी काढलेला आकडा आला. ‘ओपन’ व ‘क्लोज’ हे बाजारातील शब्द तेवढे मागे राहिले. तीन अंक काढावयाचे व त्यांच्या बेरजेचा एकंस्थानचा अंक धरावयाचा, अशी त्याची रीत. ३, ६ व ८ निघाल्यास बेरीज १७, म्हणून अंक ७. दहा अंकांपैकी एकावर लावलेल्या रुपयास जिंकल्यास नऊ रुपये मिळत. सर्व दहा अंकांवर एकेक रुपया लावणाऱ्यास दहा देऊन नऊ परत मिळतात, म्हणजे चालकाचा हिस्सा शेकडा दहा. याज्ञवल्क्याच्या सभिकाचा अधिक दर आणि हा दर एकच आहे. भेद एवढाच की सभिकाचा हिस्सा नियमाने जाहीर होता, आणि मटक्याचा हिस्सा मोबदल्याच्या आकड्यात दडलेला होता.

फुटबॉलच्या पैजेत हा हिस्सा अधिक कुशलतेने दडविलेला असतो. समजा, एखाद्या सामन्यात यजमान संघाच्या विजयास रुपयामागे २.००, बरोबरीस ३.४० आणि पाहुण्या संघाच्या विजयास ३.६० रुपये असा भाव जाहीर झाला. या भावांचे व्यस्तांक काढल्यास अनुक्रमे ५०, २९.४ व २७.८ टक्के येतात व त्यांची बेरीज १०७.२ होते. तीनांपैकी एक गोष्ट निश्चितपणे घडणार असल्याने खऱ्या संभाव्यतांची बेरीज १०० हूनि अधिक असू शकत नाही. वरचे ७.२ हे पैज घेणाऱ्याचे मापात मारलेले पाप होय. पैज लावणाऱ्याने नुसते बरोबर भाकीत करून भागत नाही. त्या वाढीव मापावरही मात करण्याइतके ते सरस असावे लागते.

बाद फेरीत आणखी एक अडचण उद्भवते. १९५५ साली सुरू झालेल्या युरोपियन कपापासून अंतिम सामन्यापूर्वीच्या लढती सामान्यतः दोन सामन्यांच्या असतात, एक स्वगृही व एक परगृही. परगृही केलेल्या गोलास समसमान स्थितीत अधिक महत्त्व देणारा नियम युरोपीय स्पर्धांत १९६५ साली आला व २०२१ साली रद्द झाला. अशा रचनेत ‘जिंकणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ संभवतात : त्या दिवशीचा सामना जिंकणे आणि पुढील फेरीत जाणे. सामन्याच्या निकालावरील पैज सामान्यतः नव्वद मिनिटे व त्यास जोडून दिलेला भरपाईचा वेळ एवढ्यावरच ठरते. ज्यादा वेळेत वा पेनल्टींवर संघ पुढे गेला, तरी विजयावर लावलेला पैसा जातो. शिवाय फुटबॉलमध्ये गोल थोडे होतात, आणि थोड्या घटनांच्या खेळात दैवाचा वाटा मोठा असतो. २०१९ साली पहिल्या सामन्यात ०–३ ने हरलेल्या लिव्हरपूलने बार्सिलोनास दुसऱ्या सामन्यात ४–० ने नमविले. गोलांच्या संख्येस संभाव्यतेच्या सूत्रात बसविण्याचे प्रयत्न संख्याशास्त्रज्ञांनी केले आहेत. मार्क डिक्सन व स्टुअर्ट कोल्स यांचा १९९७ सालचा निबंध त्यांत प्रसिद्ध आहे. परंतु अशी पद्धती अमुक घडेलच असे म्हणत नाही. शंभर वेळांत साधारणपणे किती वेळा घडेल, एवढेच ती सांगते.

कौशल्य किती व दैव किती, हाच प्रश्न कायद्यालाही सतत छळीत आला आहे. १८७२ च्या करार कायद्याने पैजेचा करार निरर्थक ठरविला. मुंबईत पावसावर चालणाऱ्या जुगारास १८८७ च्या कायद्याची व्याख्या अपुरी पडली, म्हणून १८९० साली ती वाढवावी लागली. १९५७ साली चमारबागवाला प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने जुगार हा संविधानाने संरक्षिलेला व्यापार नव्हे असा निर्णय दिला. १९९६ साली घोड्यांच्या शर्यती मात्र कौशल्यप्रधान ठरविल्या. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमाने हा भेदच बाजूस सारला. खेळ कौशल्याचा असो वा दैवाचा, पैसा लावून खेळविण्यात येणाऱ्या ऑनलाइन खेळास व त्याच्या जाहिरातीस त्याने मनाई केली.

शेवटी भाकितांकडे वळणे प्राप्त आहे. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेस घटमांडणी होते. घटात धान्ये मांडतात, मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे व त्यांवर घागर ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांत झालेल्या बदलांवरून पीकपाण्याचे भाकीत सांगतात. या पद्धतीस शास्त्राचा आधार नाही, आणि विवेकवाद्यांनी तिच्यावर केलेली टीका रास्तच आहे. तिच्या भाषेत ‘साधारण’ व ‘मोघम’ हे शब्द वारंवार येतात, त्यामुळे भाकीत चुकले असे ठरविणेही कठीण जाते. तथापि ते वर्षातून एकदा, उघड्यावर, सर्वांसमक्ष, ठराविक घराण्याकडून उच्चारले जाते. सांगणारा पुढील वर्षी त्याच गावात असतो. सामन्यांची भाकिते विकणाऱ्याची भाषा याच्या नेमकी उलट आहे. तीत ‘मोघम’ नाही. ‘हमखास’, ‘पक्की’, ‘नव्वद टक्के खात्री’ आहे. आकड्याची ही नेमकी भाषा शास्त्राची वाटते, परंतु सांगणाऱ्याचे मागील किती अंदाज फसले याचा हिशेब तीत नसतो. फसलेले अंदाज पुसले जातात व साधलेले तेवढे मिरविले जातात. सांगणाऱ्याचा पैसा पणाला लागलेला नसतो; तो लागतो ऐकणाऱ्याचा.

‘पैज’ व ‘भाकीत’ या शब्दांच्या पूर्वेतिहासात जी अट दिसते ती येथे सुटलेली आहे. पैज मारणारा प्रतिज्ञा करीत होता, भाकणारा भाक देत होता. दोघेही आपल्या शब्दास बांधलेले होते. आजच्या व्यवहारात शब्द एकाचा व जोखीम दुसऱ्याची अशी वाटणी झाली आहे. कापसाच्या काळी आकडा लिव्हरपूलचा आणि नुकसान वऱ्हाडच्या शेतकऱ्याचे, ही जी स्थिती होती, तिच्याशी हिचे साम्य स्पष्ट आहे. परंतु शेतकऱ्यास पिकविलेला कापूस विकल्यावाचून गत्यंतर नव्हते, पैज लावणाऱ्यास ते आहे. म्हणून कोणत्याही भाकितास मान देण्यापूर्वी ते घटनेच्या आधी नोंदलेले आहे काय, त्याच्या कर्त्याच्या सर्व भाकितांचा, चुकलेल्यांसह, हिशेब उपलब्ध आहे काय, आणि जाहीर भावात दडलेला हिस्सा वजा केल्यावर काही उरते काय, हे तीन प्रश्न विचारले जाणे अवश्य आहे. त्यांची उत्तरे मिळाली नाहीत, तर त्या कथनास भाकीत हे नाव देणे भाषेच्या दृष्टीनेही सयुक्तिक ठरत नाही.