ब्रेक लागले, गाडी थांबली, आणि मग

सुमारे २१ तास आधी
मंगळवार, २१ जानेवारी २०२५ची संध्याकाळ. १२५३३ पुष्पक एक्स्प्रेस लखनौहून मुंबईकडे निघाली. जनरल डब्यांत नेहमीसारखीच खचाखच गर्दी, त्यात कामासाठी मुंबईला निघालेले उत्तर प्रदेशचे आणि नेपाळचेही लोक. गाडीच्या पोटाखाली काय चाललंय, हे अशा डब्यात कुणाला ठाऊक नसतं.

तिथे असते हवा. गाडीभर गेलेल्या ब्रेक पाइपमध्ये प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ५ किलोचा दाब असतो आणि तोच ब्रेक सैल धरून ठेवतो. दाब घसरला, की प्रत्येक डब्याच्या टाकीतली हवा सिलिंडरमध्ये शिरते आणि ब्रेक आवळले जातात. पाइप फुटला, डबा सुटला, कुणी साखळी ओढली, काहीही झालं तरी गाडी थांबण्याकडेच झुकते. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ साली बसवलेलं हे उलटं गणित रेल्वे आजही पाळते.

आमच्याकडच्या मनोर-चारोटीच्या रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. हवा गळाली, की मागची चाकं जाम आणि गाडी जागची हलत नाही. लडाखमध्ये लष्कराच्या जुन्या ट्रकांना हाच त्रास थंडीमुळे होतो. दाबलेल्या हवेतलं पाणी टाकीत साठतं, रात्री नळीत गोठतं, आणि सकाळी ब्रेक सुटतच नाहीत. म्हणून तिथे टाक्यांमधलं पाणी नेमानं काढून टाकतात. वैताग खराच, पण या बिघाडात उभी गाडी उभीच राहते. खरी धास्ती न लागणाऱ्या ब्रेकची.

शेवटचा तास
बुधवार, २२ जानेवारी. जळगाव मागे पडलं होतं. गाडी पाचोऱ्याच्या दिशेनं, माहेजी आणि परधाडे या लहान स्थानकांच्या टापूत होती.

इथून पुढे दोन हकिकती आहेत. रेल्वेच्या एका अधिकाऱ्यानं सुरुवातीला सांगितलं, की हॉट ॲक्सल (तापलेला आस) किंवा ब्रेक बाइंडिंगमुळे एका डब्याजवळ ठिणग्या उडाल्या असाव्यात. ब्रेक बाइंडिंग म्हणजे पॅड डिस्कवरून पूर्ण न सुटणं. चाक फिरत राहतं, पॅड घासत राहतो, वास येतो, धूर दिसतो. रेल्वे बोर्डाकडून मात्र ठिणगी किंवा आग लागल्याची माहिती नसल्याचं सांगण्यात आलं. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी दुसऱ्या दिवशी वेगळीच बाजू मांडली: चहा विकणाऱ्यानं आग लागल्याची आरोळी दिली, ती पसरली आणि लोकांनी दोन्ही बाजूंना उड्या टाकल्या.

मला या दोन हकिकतींमध्ये लोकांना वाटतो तेवढा विरोध दिसत नाही. चिकटलेला ब्रेक धुरकट दिसतोच. आणि नसलेल्या धुराची बोंब गच्च भरलेल्या डब्यात खऱ्या धुराइतकीच धावते. दोन्हीकडे उणीव एकच: पाच मिनिटं आत थांबा, एवढं सांगणारा आवाज जनरल डब्यात नव्हता.

पावणेपाचच्या सुमारास
कुणीतरी साखळी ओढली. साखळी म्हणजे एक झडप. ती उघडते, हवा बाहेर पडते, ब्रेक आवळले जातात. पुष्पक थांबली.

यंत्रानं आपलं काम चोख केलं होतं. आता कर्मचाऱ्यांनी त्या डब्यापर्यंत चालत जायचं, झडप पूर्ववत करायची, ब्रेक सुटले की नाही ते बघायचं, आणि गाडी हाकायची. अशा थांब्यांत जोराच्या ब्रेकमुळे पॅडचा वास आलाच, तर तो थांबण्याचा वास असतो, आगीचा नव्हे.

पण तोवर लोक खाली उतरले होते. काही मोकळ्या बाजूला. काही शेजारच्या रुळांवर.

पुढची काही मिनिटं
समोरून बंगळूरहून दिल्लीकडे जाणारी १२६२७ कर्नाटक एक्स्प्रेस येत होती. अनपेक्षित थांब्यावर इंजिनाचा पिवळा फ्लॅशर लावून समोरच्या गाडीला सावध करायचं असतं. पुष्पकच्या लोको पायलटनं तो लावला होता. कर्नाटकच्या लोको पायलटनं तो पाहिला आणि ब्रेक लावले, असं रेल्वेनं सांगितलं.

पण तिथे २ अंशांचं वळण होतं. रेल्वेच्या हिशेबात अंश वाढला तशी त्रिज्या घटते. १७५० मीटर भागिले अंश, म्हणजे इथे ८७५ मीटर. डोळ्याला हे वळण सौम्यच, तरी उभ्या गाडीच्या आडोशानं पुढचा रूळ झाकला जातो. शंभराच्या पुढच्या वेगातली एक्स्प्रेस पूर्ण ब्रेक लावूनही थांबायला किलोमीटरच्या आसपास जागा खाते.

पाचच्या सुमारास
कर्नाटक एक्स्प्रेस रुळांवरच्या लोकांवरून गेली. मृतांचा आकडा आधी १२ आणि मग १३ झाला. जखमींना पाचोरा आणि जळगावच्या रुग्णालयांत नेलं. रेल्वे सुरक्षा आयुक्तांची चौकशी जाहीर झाली.

मृत-जखमींपैकी कुणालाही आगीनं शिवलं नव्हतं.

अकरा वर्षं आधी, डहाणू
आमच्या पालघर-डहाणू भागात याची दुसरी बाजू घडून गेली आहे. ८ जानेवारी २०१४च्या पहाटे डहाणू रोड आणि घोलवडच्या दरम्यान वांद्रे-डेहराडून एक्स्प्रेसच्या तीन स्लीपर डब्यांना खरोखर आग लागली. नऊ जण गेले. फाटकावरच्या गेटमननं पळत्या गाडीच्या ज्वाला पाहून घोलवडला कळवलं, म्हणून गाडी थांबवता आली. तेव्हा डब्यात बसून राहणं हाच घात होता. म्हणून पाचोऱ्याच्या उड्यांना मूर्खपणा म्हणायला मी धजत नाही. चूक उतरण्यात नव्हती, बाजूत होती.

आणि बाजूची सवय आपल्याकडे मुळातच वाईट. पूल चढायचा कंटाळा म्हणून सफाळे, पालघर, बोईसरला उलट्या दारानं रुळांत उतरणारी माणसं रोज दिसतात. आता विरार-डहाणू दरम्यान चौपदरीकरणाचं काम चालू आहे. ते पूर्ण झालं की मधल्या मार्गावर अडलेल्या गाडीला दोन्ही अंगांना धावता रूळ असेल.