टी-ट्री वनस्पतीचा औषधी इतिहास : नाव आणि श्रेय यांचा प्रश्न

ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स राज्याच्या ईशान्य भागात, क्लॅरेन्स व रिचमंड नद्यांच्या खोऱ्यांतील दलदलीच्या जमिनीत 'मेलाल्यूका अल्टर्निफोलिया' ही वनस्पती निसर्गतः वाढते. जांभूळ, पेरू, लवंग व निलगिरी यांच्याच जंबू कुलातील ही वनस्पती असून तिच्या अरुंद पानांपासून ऊर्ध्वपातनाने काढलेले तेल 'टी-ट्री ऑईल' या नावाने जगभर विकले जाते. सुगंधोपचारविषयक लोकप्रिय लेखनात या तेलाचा इतिहास बहुधा कॅप्टन जेम्स कुक यांच्यापासून सुरू होतो. १७७० मध्ये कुक यांच्या खलाशांनी या झाडाच्या पानांचा चहा केला व त्यावरून हे नाव पडले, असे तेथे सांगितले जाते. ही कथा तपासून पाहणे आवश्यक आहे.

कुक यांचे 'एन्डेव्हर' जहाज १७७० च्या एप्रिल-मे महिन्यांत बॉटनी बे येथे सुमारे आठवडाभर थांबले. तेथून उत्तरेस जाताना केप बायरन या भूशिरास त्यांनी समुद्रातूनच नाव दिले आणि बस्टर्ड बे येईपर्यंत किनाऱ्यावर पाऊल ठेवले नाही. अल्टर्निफोलियाचा प्रदेश नेमका या दोन मुक्कामांच्या दरम्यान येतो. याउलट, दुसऱ्या सफरीत १७७३ साली न्यूझीलंडमधील डस्की साउंड येथे त्यांनी ज्या झुडपाची पाने चहासाठी व बिअरसाठी वापरली, त्याचे वर्णन त्यांच्या १७७७ च्या प्रवासग्रंथात आहे. ते झुडूप म्हणजे 'लेप्टोस्पर्मम स्कोपेरियम', आजचे मानुका. पुढे युरोपीय वसाहतवाल्यांनी तेच नाव दिसायला सारख्या अशा अनेक झुडपांना सरसकट लावले.

हा घोटाळा केवळ नावापुरता असता तर दुर्लक्षिता आला असता. परंतु इतिहासाचा आरंभ कुक यांच्यापासून धरला की, त्या भूमीचे मूळ रहिवासी असलेले बंजालुंग लोक तळटीपेत जातात. खोकला व सर्दीवर चुरगळलेल्या पानांचा वास घेणे, जखमेवर पानांचा लेप बांधणे, घसादुखीवर पानांचा काढा घेणे हे उपचार त्यांच्या परंपरेत होते. हे ज्ञान मौखिक असल्यामुळे त्यास सनावळी नाही. तेवढ्यावरून ते वगळण्याचे कारण नाही. मात्र उलट बाजूचा अतिरेकही होतो. हजारो वर्षे 'तेल' वापरात असल्याचे जाहिराती सांगतात. बंजालुंग परंपरा पानांची आहे, ऊर्ध्वपातित तेलाची नव्हे.

तेलाचा इतिहास विसाव्या शतकातील आहे. या वनस्पतीस स्वतंत्र जाती म्हणून आजचे नाव एडविन चील यांनी १९२४ मध्ये दिले. त्याच सुमारास सिडनी येथील टेक्नॉलॉजिकल म्युझियमचे रसायनशास्त्रज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी या तेलाची जंतुनाशक शक्ती त्या काळचे प्रमाण मानलेल्या कार्बोलिक आम्लाच्या सुमारे ११ पट असल्याचे दाखविले. रेने-मॉरिस गॅटफॉसे यांचा 'आरोमाथेरपी' हा शब्द शीर्षकात मिरविणारा फ्रेंच ग्रंथ १९३७ चा. म्हणजे टी-ट्री तेल प्रयोगशाळेतून वैद्यकात आले ते सुगंधोपचाराच्या आधी. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रतिजैविके सुलभ झाली आणि हा उद्योग मागे पडला. नैसर्गिक उत्पादनांविषयीचे आकर्षण वाढल्यावर १९७० व १९८० च्या दशकांत लागवडी उभ्या राहिल्या. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरले व टर्पिनेन-४-ऑल हा त्यातील मुख्य कार्यकारी घटक किती असावा, हे निश्चित झाले.

वैद्यकीय पुरावा मात्र मर्यादित आहे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुरुमांच्या १२४ रुग्णांवरील अभ्यासात ५ टक्के टी-ट्री तेलाची तुलना ५ टक्के बेन्झॉईल पेरॉक्साईडशी करण्यात आली. दोन्हींचा उपयोग झाला. तेलाचा गुण सावकाश आला, पण दुष्परिणाम कमी आढळले. हे तेल पोटात घेणे विषारी ठरते. हवा व प्रकाश यांच्या संपर्काने त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि असे जुने तेल त्वचेवर ॲलर्जी उत्पन्न करू शकते. झाडाचा ताजा पाला हाताळणाऱ्या बंजालुंग लोकांपुढे बाटलीतील तेल शिळे होण्याचा हा प्रश्न नव्हता.