डोक्यात पुटकुळ्या, फोड, केसतूड : कारणं काय, उपचार काय आणि दवाखाना कधी गाठायचा?

जळगाव/धुळे : एप्रिल लागला की खान्देशात पारा ४२-४४ च्या घरात जातो. डोक्याला रुमाल नाहीतर उपरणं गुंडाळल्याशिवाय घराबाहेर पाय टाकता येत नाही. त्यातून घाम, धूळ, तेल आणि पाण्याची टंचाई. अशा दिवसांत गावोगावी एक तक्रार हमखास ऐकू येते, "डोकामा फोड व्हयनात, काय लावू?" तक्रार साधी वाटते, म्हणून बहुतेक जण मेडिकलवर जाऊन एखादी ट्यूब मागतात आणि मोकळे होतात. पण डोक्यातला प्रत्येक फोड सारखा नसतो. काही आठ दिवसांत आपोआप बसतात, तर काहींकडं दुर्लक्ष केलं तर त्या जागी जन्मभर केस येत नाहीत. लहान मुलांच्या बाबतीत हा धोका जास्त असतो. म्हणून ही माहिती नीट वाचा आणि घरात सांगा.

फोड येतो कसा?

आपल्या डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. प्रत्येक केस कातडीतल्या एका बारीक खळगीतून उगवतो आणि त्या खळगीला चिकटून तेल तयार करणारी ग्रंथी असते. तेल, मेलेली कातडी, घाम आणि धूळ यांनी खळगीचं तोंड बंद झालं की आत जंतू वाढतात. मग केसाच्या मुळाशी लाल पुटकुळी येते, टोकाला पांढरा पू दिसतो, खाज सुटते आणि कंगवा लागला तरी दुखतं. मुळाची सूज खोलवर गेली की मोठा, गरम, ठणकणारा गळू होतो. आपल्याकडं त्यालाच केसतूड म्हणतात.

यात दोन जंतूंचा हात जास्त असतो. पहिला स्टॅफिलोकोकस नावाचा जिवाणू. दर तीन माणसांत साधारण एकाच्या नाकात तो काही त्रास न देता राहतो. नाकाला लागलेलं बोट, तेच नख डोकं खाजवायला गेलं की तो जखमेत शिरतो. दुसरी मॅलासेझिया नावाची बुरशी. ती सगळ्यांच्याच डोक्यावर असते, कातडीच्या तेलावर जगते आणि कोंडाही तिच्यामुळंच वाढतो. घाम आणि तेल जास्त मिळालं की तिचं फावतं.

आपल्याकडची नेहमीची कारणं

• घामट रुमाल, टोपी, हेल्मेट : उन्हात डोकं झाकायलाच पाहिजे, त्यात चूक नाही. पण तोच रुमाल चार दिवस न धुता वापरला की कालचा घाम आज परत डोक्यावर बसतो. केळीचे घड वाहणाऱ्या मजुरांची चुंबळ आणि फवारणी करताना बांधलेलं फडकं यांचंही तेच.

• तेल चोपडणं : फोड असताना तेल थापलं की खळग्या आणखी बंद होतात. "डोकं थंड राहतं" म्हणून रोज तेल लावणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो.

• वस्तरा आणि मशीन : एकच ब्लेड अनेकांना वापरणं, मशीन अगदी कातडीला टेकवून केस मारणं यानं बारीक जखमा होतात. मानेमागं केसांच्या कडेला टणक गाठी येतात, त्या बहुतेक वेळा अशाच वारंवार घासण्यानं वाढतात. धुळ्याच्या एकवीरा देवीच्या यात्रेत किंवा सप्तशृंगगडावर बाळाचं जाऊळ काढताना नवं ब्लेड आपल्यासमोर फोडायला सांगा. त्यात लाजायचं कारण नाही.

• उवा-लिखा : शाळकरी मुली खाजवून खाजवून डोकं सोलतात आणि त्यात पू होतो. अशा वेळी फोडाचं औषध आणि उवांचं औषध दोन्ही लागतं. एकच केलं तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

• केसांचा डाय आणि काळी मेहंदी : लावल्यावर एक-दोन दिवसांत खाज, सूज आणि पाणी सुटलं तर ती ॲलर्जी समजा. डाय पुन्हा लावू नका.

• साखर : चाळिशीच्या पुढच्या माणसाला पुन्हा पुन्हा केसतूड होत असेल तर आधी रक्तातली साखर तपासा. अनेकांना मधुमेह असल्याचं असंच कळतं.

लहान मुलांचा फोड : इथं घाई करा

वय ३ ते १४ च्या मुलांमध्ये डोक्यात गोल चट्टा पडतो, तिथले केस तुटतात, काळे ठिपके दिसतात, पांढरा भुसा निघतो. हे डोक्याचं गजकर्ण. कधी कधी त्याच जागी मऊ, फुगीर, पू गळणारा गोळा होतो, मानेमागं अवधान येतं, ताप येतो आणि केस हलक्या हातानं ओढला तरी निघून येतो. बघणाऱ्याला तो साधा गळू वाटतो. कुणी चिरा देतं, कुणी पू दाबून काढतं, कुणी नुसतं जिवाणूंचं औषध देतं.

पण त्याचं मूळ कारण बुरशी आहे आणि ती केसाच्या आत शिरलेली असते. वरून क्रीम लावून ती मरत नाही. तिला ग्रिसिओफल्विन किंवा टर्बिनाफिनसारखं पोटातून घ्यायचं औषध लागतं. ते वजनानुसार, डॉक्टर सांगतील तितके आठवडे द्यावं लागतं, साधारण एक ते दोन महिने. मध्येच बरं वाटलं म्हणून थांबवलं की आजार परत येतो. उशीर झाला तर केसांची मुळंच मरतात आणि तिथं कायमचं टक्कल राहतं. मुलीच्या डोक्यावर असा चट्टा राहिला तर तिला आयुष्यभर तो लपवत फिरावं लागतं, हे लक्षात ठेवा.

ही बुरशी एकमेकांच्या कंगव्यानं, टोपीनं, उशीनं पसरते. मांजर, कुत्रा आणि गुरांपासूनही येते. गोठ्यातल्या वासराच्या तोंडाभोवती, डोळ्याभोवती राखाडी, खरबरीत गोल चट्टे असतील तर मुलांना त्याच्याशी खेळू देऊ नका आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात वासराला दाखवा. घरातल्या बाकीच्या लेकरांची डोकीही तपासा.

घरी काय करायचं?

पुटकुळ्या थोड्या आणि बारीक असतील तर एवढं करा :

१. आठ-पंधरा दिवस तेल, जेल, डाय सगळं बंद.
२. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या कोमट पाण्यात भिजवून, पिळून १० ते १५ मिनिटं शेका. दिवसातून तीन-चार वेळा.
३. घामाचं काम झालं की डोकं धुवा. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि साका केसांत राहतो. त्यामुळं शाम्पू वापरा आणि नीट खळबळून काढा. पाणी चार-आठ दिवसांनी येत असेल तर निदान एक तांब्या पाण्यात फडकं भिजवून डोक्यावरचा घाम पुसून घ्या.
४. कोंड्यासोबत पुटकुळ्या असतील तर २ टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, ३ ते ५ मिनिटं डोक्यावर ठेवून धुवायचा. दोन ते चार आठवड्यांत फरक पडतो.
५. रुमाल, टोपी, उशीची खोळ गरम पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवा. ऊन आपल्याकडं भरपूर आहे, त्याचा उपयोग करा. कंगवा प्रत्येकाचा वेगळा.
६. फोडू नका, दाबू नका, नखं कापा.

हे अजिबात नको

टूथपेस्ट, चुना, लिंबू, बॅटरीचं पाणी असं काहीही फोडावर लावू नका. कातडी भाजते. उवांसाठी रॉकेल किंवा शेतातलं कीटकनाशक डोक्याला लावणं तर जिवावरचा खेळ आहे. फवारणीचं औषध कातडीतून अंगात भिनतं आणि डोक्याची कातडी ते लवकर शोषते. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं डोकं धुतलं तर बिघडत नाही, पण पू झालेल्या फोडाचं ते औषध नाही.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते मेडिकलवरून मागून आणलेल्या ट्यूबनं. ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं नाव असेल तर त्यात स्टिरॉइड आहे. लावल्यावर दोन दिवसांत लाली आणि खाज जाते, म्हणून माणूस खूश होतो. पण आतली बुरशी जोमानं वाढते, कातडी पातळ होते आणि ट्यूब बंद केली की दुप्पट फोड येतात. अशा क्रीमच्या विक्रीवर केंद्र सरकारनं २०१८ मध्ये निर्बंध कडक केले. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय त्या घेऊ नका. वेष्टनावर लाल उभी रेघ असलेलं औषध चिठ्ठीचंच असतं, एवढी खूण लक्षात ठेवा.

डॉक्टर काय देतात?

जिवाणूंचा फोड असेल तर क्लिंडामायसिनचं लोशन किंवा म्युपिरोसिनचं मलम, बेन्झॉइल पेरॉक्साइडचं वॉश. या वॉशनं टॉवेल आणि उशीच्या खोळीचा रंग उडतो, जुनं कापड वापरा. त्रास जास्त असेल तर डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या. ही गोळी भरपूर पाण्यासोबत घ्यायची, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. तिच्यामुळं ऊन जास्त लागतं, म्हणून दुपारचं शेतकाम टाळा. गरोदर बाई आणि ८ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत, त्यामुळं घरात उरलेली गोळी दुसऱ्याला देऊ नका. कोर्स अर्धवट सोडला की उरलेले जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत. मोठा गळू पिकला तर तो दवाखान्यातच, स्वच्छ हत्यारानं कापून घ्यायचा.

दवाखाना कधी गाठायचा?

• ताप, थंडी किंवा लाली झपाट्यानं पसरतेय
• लहान मुलाच्या डोक्यात पू असलेला गोळा किंवा केस गेलेला चट्टा
• फोडाच्या जागी केस जाऊन कातडी गुळगुळीत, चकचकीत झाली
• दोन आठवडे घरची काळजी घेऊनही फरक नाही
• मधुमेह असलेल्याला कोणताही ठणकणारा गळू
• डोळ्यांवर सूज, सतत डोकं दुखणं, उलट्या : यात तर रात्र काढू नका

आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. साखरेची तपासणीही तिथंच होते. तिथं भागलं नाही तर चिठ्ठी घेऊन जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. दोन्हीकडं त्वचारोग विभाग आहे. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या, डॉक्टरांचा अर्धा शोध तिथंच संपतो. जायच्या दिवशी डोक्याला तेल लावू नका.

शेजारच्या बुलढाण्याची गोष्ट वेगळी

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस काही दिवसांत मुठी-मुठीनं गळाले. तेव्हा आपल्याकडंही डोक्यात जरा खाज आली तरी लोक घाबरत होते. तिथली मुख्य तक्रार केस गळण्याची होती, पू भरलेल्या फोडांची नव्हती. दोन्हींची सरमिसळ करू नका. पण एक गोष्ट त्या गावांकडून घ्यावी. तिथला प्रकार पुढं आला म्हणून आरोग्य विभाग गावात पोहोचला, आयसीएमआरचं पथक आलं, नमुने घेतले गेले. तुमच्याही गावात एकाच वेळी अनेक घरांत, एकाच शाळेतल्या पाच-सात मुलांत अशी तक्रार दिसली तर आशाताईला सांगा, आरोग्य केंद्रात कळवा. एकेकट्यानं ट्यूब आणून हा आजार गावातून जात नाही.