किती वाजले? मिनिट रिपीटर घड्याळाची गोष्ट

मराठीत आपण वेळ विचारतो ती ‘किती वाजले?’ अशी. भिंतीवरचं घड्याळ मुकं असो, हातातल्या मोबाईलवर नुसते आकडे असोत, तोंडी ‘वाजले’च येतं. हिंदीतला ‘घड़ियाल’ म्हणजे मुळात तास वाजवायची जाड धातूची थाळी. इंग्रजीतला ‘क्लॉक’ही मध्ययुगीन लॅटिनमधल्या घंटेच्या शब्दावरून आलेला. वेळ ही आधी ऐकायची गोष्ट होती, बघायची ती नंतर झाली. आज आपण ज्या घड्याळाकडे वळतो आहोत, ते मनगटावर बांधतात, पण त्याची खरी खोड जुनीच आहे. विचारलं की ते वाजून उत्तर देतं. त्याला मिनिट रिपीटर म्हणतात. नामांकित स्विस घराण्याचं नवं घ्यायचं, तर किंमत सहज कोटींच्या घरात जाते.

सुरुवात मात्र अगदी साध्या अडचणीतून झाली. सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये मध्यरात्री जाग आली आणि वेळ बघायची झाली, तर काय करायचं? काडेपेटी नव्हती, घासून पेटणाऱ्या काड्या जॉन वॉकरने विकायला काढल्या त्या 1827 साली. तोवर चकमक झाडा, कापूस धुमसवा, मेणबत्ती लावा. तेवढ्यात झोप उडालीच! मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की खिशातल्या घड्याळाची कळ दाबली आणि त्यानेच तास वाजवून दाखवले तर?

हे ‘कुणाच्या तरी’ म्हणतो आहोत, कारण दावेदार दोन होते. एक एडवर्ड बार्लो नावाचे धर्मगुरू, दुसरा डॅनियल क्वेअर हा घड्याळजी. बार्लोंनी पेटंट मागितलं, लंडनच्या घड्याळजींच्या संघाने विरोध केला आणि 1687 मध्ये प्रकरण राजा दुसरा जेम्स याच्यापुढे गेलं. राजाने दोन्ही घड्याळं वाजवून पाहिली. बार्लोंच्या घड्याळाला दोन कळा होत्या, तासाची वेगळी, पाव तासाची वेगळी. क्वेअरच्या घड्याळात एकाच कळीत दोन्ही वाजत. राजाचा कौल क्वेअरला गेला. अंधारात चाचपडणाऱ्या माणसाला एक कळ बरी की दोन, एवढाच प्रश्न होता, आणि तो राजालाही कळला.

आत काय चालतं ते थोडं पाहू, कारण खरी गंमत तिथे आहे. काट्यांबरोबर फिरणाऱ्या पायऱ्यापायऱ्यांच्या चकत्या असतात, गोगलगाईच्या शंखासारख्या. तासाच्या चकतीला बारा पायऱ्या. तुम्ही कळ ओढलीत की एक दातेरी पट्टी त्या चकतीवर टेकते. खोल पायरीवर टेकली तर जास्त दाते पुढे येतात, जास्त ठोके पडतात. ठोके मारायला लागणारी स्प्रिंगही तुमच्याच कळ ओढण्याने ताणली जाते. विचारण्याचे कष्ट विचारणाऱ्याचे!

मिनिट रिपीटरमध्ये आधी जाड आवाजात तास, मग दोन सुरांत पाव तास, मग बारीक आवाजात उरलेली मिनिटं. आपल्या सव्वा-साडे-पावणेला सरावलेल्या कानाला हे अवघड नाही. सात बावन्न म्हणजे सात जाड, तीन जोडठोके, सात बारीक. बाराला एकोणसाठ मिनिटं झाली की सर्वांत लांब मजकूर, एकूण बत्तीस ठोके. आणि सात वाजून चार मिनिटं झाली असतील तर? पाव तास एकही झालेला नाही. मग अनेक घड्याळांत तिथे नुसती शांतता येते. ती शांतताही मोजायची असते, बरं का.

सुरुवातीच्या घड्याळांत एक दोष होता. कळ पूर्ण दाबली गेली नाही तर ठोके कमी पडत आणि घड्याळ चक्क खोटं बोले. त्यावर कारागिरांनी एक सुटा भाग बसवला. त्याचं फ्रेंच नाव ‘तू-ऊ-रियां’, म्हणजे सगळं नाहीतर काहीच नाही. कळ शेवटपर्यंत ओढली नाहीत तर घड्याळ गप्प बसतं. अर्धवट बोलण्यापेक्षा गप्प राहणं पत्करणारं यंत्र. आम्ही तीसेक वर्षं ज्ञानमीमांसा शिकवली, पण इतकं चोख उदाहरण वर्गात कधी सुचलं नाही.

पुढची मोठी पायरी 1783 ची. तोवर डबीच्या आत खरीखुरी छोटी घंटा बसवत, आणि ती जागा खात असे. पॅरिसच्या ब्रेगेने घंटेऐवजी पोलादी तार वापरली. घड्याळ बारीक झालं. ही तार नसती तर रिपीटर मनगटापर्यंत पोचलाच नसता.

मनगटावर तो आला 1892 च्या सुमारास. लुई ब्रांट या कंपनीने, म्हणजे पुढच्या ओमेगाने, ल ब्रासू गावच्या ओदमार पिगेचं यंत्र वापरून तो केला. 1916 मध्ये पतेक फिलिपने बायकांच्या मनगटासाठी पाच-पाच मिनिटं वाजवणारं घड्याळ केलं. आता तारखांकडे नीट पाहा. 1892 पर्यंत काड्या होत्या, गॅसचे दिवे होते, वीजही शहरांत शिरली होती. थोड्याच वर्षांत अंधारात चमकणारे रेडियमचे आकडे आले. म्हणजे मनगटावरचा रिपीटर जन्मला तेव्हा त्याची गरज जवळजवळ संपलेली होती!

मग तो टिकला कसा? ‘श्रीमंतांची हौस’ हे उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. दुसरं अर्धं कारागिराच्या कानात आहे. तार सुरात आणायची ती कानसने घासून, आणि जास्त घासलेली परत जोडता येत नाही. प्लॅटिनमची डबी आवाज दाबते, गुलाबी सोन्याची चांगली बोलते असं जाणकार मानतात. पतेकमध्ये प्रत्येक रिपीटर बाहेर जाण्याआधी कंपनीचे अध्यक्ष स्वतः ऐकतात अशी रीत आहे. ओदमार पिगेने लोझानच्या तंत्रसंस्थेबरोबर आवाजावर अनेक वर्षं संशोधन केलं आणि 2015 मध्ये त्याचं फळ दाखवलं. फिलिप द्युफूरने 1992 मध्ये आपणहून तास-पाव वाजवणारं आणि विचारल्यास मिनिटंही सांगणारं मनगटी घड्याळ केलं. तशी फार थोडी बनली. हे ज्ञान पुस्तकात पुरतं उतरत नाही. गवयाच्या घराण्यासारखं ते समोर बसून घ्यावं लागतं. गिऱ्हाईक गेलं की कानही जातो, म्हणून हौसेला आम्ही नावं ठेवत नाही.

तरी एक गोष्ट सलते. आमच्या वर्गात एक दृष्टिहीन विद्यार्थी होता. त्याच्या हाती एचएमटीचं ब्रेल घड्याळ असे. काच झाकणासारखी उघडायची, काट्यांवर बोट फिरवायचं. त्याला आम्ही मोठ्या उत्साहाने हा इतिहास सांगितला. तो म्हणाला, “सर, म्हणजे हे माझ्यासारख्यांच्याच कामाचं होतं. दिवे आल्यावर डोळसांची गरज संपली, माझी नाही. मग ते माझ्यापर्यंत का आलं नाही?” आम्ही किमतीचं कारण सांगितलं. त्याने मान हलवली, पण उत्तर पटलं म्हणून नव्हे, हे आम्हाला दिसत होतं.

असो. आता एक ध्वनिमुद्रण लावतो. पडद्याकडे बघू नका, डोळे मिटा.

(ध्वनिमुद्रण)

चार जाड ठोके. मग काही नाही. मग अकरा बारीक. मागच्या रांगेतल्यांनी सांगा, किती वाजले?