नोटबुक कर्नल म्हणून पायथनचे आभासी वातावरण

पायथनचे आभासी वातावरण म्हणजे एखाद्या प्रकल्पासाठी स्वतंत्र ठेवलेला पायथन इंटरप्रिटर आणि त्याच्या पॅकेजांचा संच होय. व्हिज्युअल स्टुडिओ कोडसारख्या कोड संपादकात हे वातावरण नोटबुकचे कर्नल म्हणून निवडता येते. नोटबुकच्या चौकटींतील कोड प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रक्रियेस कर्नल म्हणतात. नोटबुकला कोणती पॅकेजे उपलब्ध होतील, हे निवडलेल्या कर्नलवरून ठरते.

पार्श्वभूमी

फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये आयपायथन विकसित करण्यास प्रारंभ केला. त्यातून २०१४ मध्ये ज्युपिटर प्रकल्प निर्माण झाला. आभासी वातावरण तयार करणारे 'व्हेन्व्ह' हे मॉड्यूल २०१२ मध्ये पायथन ३.३ पासून भाषेच्या प्रमाण संचात समाविष्ट झाले.

आवश्यकता

एकाच संगणकावरील दोन कामांना एकाच पॅकेजच्या भिन्न आवृत्त्या लागू शकतात. उदाहरणार्थ, चिंचोळी एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखान्यात सुट्या भागांची मोजमापे तपासणारी जुनी नोटबुक असेल आणि तिच्यात पांडाज पॅकेजमधील डेटाफ्रेमची 'अपेंड' ही पद्धत वापरलेली असेल, तर ती पांडाज २.० वर चालत नाही. कारण २०२३ मधील या आवृत्तीतून ती पद्धत काढून टाकण्यात आली. जुनी आवृत्ती स्वतंत्र वातावरणात जपल्यास जुने विश्लेषण पुन्हा पडताळता येते व नव्या कामासही अडथळा येत नाही.

कार्यपद्धती

१. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये 'व्हेन्व्ह'च्या साहाय्याने वातावरण तयार केले जाते.

२. ते सक्रिय करून 'पिप'द्वारे आवश्यक पॅकेजे व 'आयपायकर्नल' बसवले जाते. 'आयपायकर्नल' हे पॅकेज इंटरप्रिटरला नोटबुकशी संवाद साधण्याची क्षमता देते.

३. संपादकात पायथन व ज्युपिटर ही विस्तारके असल्यास, नोटबुकच्या वरील उजव्या कोपऱ्यातील कर्नल-निवडीतून ते वातावरण निवडता येते.

ब्राउझरमध्ये चालणारे ज्युपिटर वातावरणाबाहेर बसवलेले असल्यास कर्नलची नोंदणी करावी लागते. या नोंदीत इंटरप्रिटरचा पत्ता साठवलेला असतो.

सामान्य अडचणी

पॅकेज बसवूनही ते सापडत नसल्याचा संदेश येणे, ही नवशिक्यांची नेहमीची अडचण आहे. टर्मिनलमध्ये एक वातावरण सक्रिय असणे आणि नोटबुकने दुसरे कर्नल वापरणे, हे त्याचे प्रमुख कारण होय. 'सिस' मॉड्यूलमधील 'एक्झिक्युटेबल' हे मूल्य छापून चालू इंटरप्रिटरचा पत्ता तपासता येतो. नोटबुकमधून 'पिप'ची आज्ञा टक्केचिन्हासह दिल्यास पॅकेज चालू कर्नलच्याच वातावरणात बसते. नवे पॅकेज बसवल्यानंतर काही वेळा कर्नल पुन्हा सुरू करावे लागते.

मर्यादा

वातावरणात इंटरप्रिटरचे पूर्ण पत्ते नोंदलेले असल्याने त्याचे फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेल्यास ते सहसा चालत नाही. त्याऐवजी पॅकेजांची आवृत्तींसह यादी नोटबुकसोबत दिली जाते व तिच्या आधारे नवे वातावरण उभारले जाते. नोटबुकच्या फाइलमध्ये कर्नलचे नाव नोंदलेले असते. पॅकेजांची यादी मात्र तिच्यात आपोआप साठवली जात नाही.