अमेरिकेतील स्थलांतराचा इतिहास : शाळेत काय शिकवावे?

राष्ट्र आपल्या मुलांना स्वतःच्या घडणीची कथा कशी सांगते, यावरून त्याची आत्मप्रतिमा कळते. अमेरिकी पाठ्यपुस्तकांतील ही कथा दीर्घकाळ न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटाभोवती गुंफलेली होती. १८९२ ते १९५४ या काळात तेथून सुमारे १ कोटी २० लाख माणसे देशात आली. युरोपातील दारिद्र्य, समुद्रप्रवास, कष्ट आणि अखेर नागरिकत्व, असा या कथेचा चढता क्रम. इस्रायल झँगविल यांच्या १९०८ च्या नाटकाने ‘मेल्टिंग पॉट’ची प्रतिमा लोकप्रिय करून तिला भावनिक बळ दिले.

ही कथा खोटी नाही; ती अपुरी आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल बेटावर १९१० ते १९४० या काळात दुसरे ठाणे होते. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेशबंदी केली होती. ती १९४३ पर्यंत टिकली. त्यामुळे येथे येणाऱ्या चिनी प्रवाशांना आठवडेच्या आठवडे, प्रसंगी महिनोन्‌महिने कोंडून त्यांची उलटतपासणी होई. या बंदिवानांनी बराकींच्या लाकडी भिंतींवर अभिजात वळणाच्या कविता कोरल्या. १९७० मध्ये, पाडण्याच्या बेतात असलेल्या इमारतीत, एका उद्यानरक्षकाला त्या दिसल्या. १९८० मध्ये हिम मार्क लाय, जेनी लिम व ज्यूडी युंग यांनी त्या अनुवादासह ग्रंथरूपात आणल्या. पाठ्यपुस्तकाने गाळलेले कवितेने जपले होते.

भारतीयांचाही या इतिहासाशी संबंध आहे. अमेरिकी सैन्यात सेवा केलेले भगतसिंग थिंड कायद्याच्या अर्थाने ‘गोरे’ नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये दिला व त्यांचे नागरिकत्व नाकारले. भारतीयांना ही वाट १९४६ मध्ये खुली झाली. १९६५ च्या कायद्याने राष्ट्रनिहाय कोट्याची पद्धत मोडली. आपल्याकडील डॉक्टर-अभियंते मोठ्या संख्येने तिकडे गेले ते त्यानंतर.

अशा गोष्टी शिकवल्याने राष्ट्रभावना दुबळी होते, असा आक्षेप घेतला जातो. परंतु आपल्या पूर्वजांचा उल्लेखच नसलेल्या पुस्तकावर मुलाने विश्वास का ठेवावा? आशियाई अमेरिकनांचा इतिहास शाळांत अनिवार्य करणारा कायदा इलिनॉय राज्याने २०२१ मध्ये केला. असे करणारे ते पहिले राज्य. मात्र एका समूहाचे एक प्रकरण जोडून भागणार नाही. १८८२ चा कायदा आणि भिंतीवरची कविता एकाच तासाला शेजारी ठेवून वाचायला हव्यात. कायदा काय घडले ते सांगेल. ते कोणावर घडले, हे कवितेतून कळेल.