जीबीएस : श्वासापाशी ठरणारा आजार

जानेवारी २०२५ मधील पुण्याच्या उद्रेकाने गुलेन-बॅरे सिंड्रोम (जीबीएस) हे नाव देशभर पोहोचले. आजाराचा इतिहास मात्र दीडशे वर्षांहून जुना आहे.

१८५९ मध्ये फ्रेंच वैद्य ऑक्टाव्ह लँड्री यांनी पायांपासून वर चढत जाणारा, प्रसंगी जीवघेणा पक्षाघात वर्णिला. १९१६ मध्ये गुलेन, बॅरे आणि स्ट्रोल यांनी दोन सैनिकांमध्ये निर्णायक खूण टिपली: मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात प्रथिने वाढलेली, पेशी मात्र वाढलेल्या नाहीत. दोघेही सुधारले. त्यामुळे गुलेन यांनी हा आजार सौम्य आणि लँड्रींच्या पक्षाघाताहून निराळा मानला.

आज दोन्ही एकाच विकारसमूहात मोडतात. रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. दुर्बलता श्वसनाच्या स्नायूंपर्यंत पोहोचली, की प्राणावर बेतते.

या संकटावरचा मार्ग पोलिओने दाखवला. १९५२ मध्ये कोपनहेगनच्या साथीत वैद्यकीय विद्यार्थ्यांनी हाताने पिशवी दाबून रुग्णांना रात्रंदिवस श्वास पुरवला. त्यातून आधुनिक अतिदक्षता विभाग घडला आणि जीबीएसच्या रुग्णांनाही मज्जातंतू सावरेपर्यंत अवधी मिळाला. प्लाझ्मा बदलणे आणि इम्युनोग्लोब्युलिन हे उपचार १९८० व १९९० च्या दशकांत सिद्ध झाले. त्यांनी रुग्ण लवकर सावरतो. तरीही सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांना व्हेंटिलेटर लागतो.

रक्तातील ऑक्सिजनची पातळी बरीच उशिरा घसरते. म्हणून बोटावरच्या यंत्राच्या आकड्यावर विसंबून न राहता डॉक्टर श्वासाची क्षमता पुन्हापुन्हा मोजतात. लँड्रींच्या काळी ज्या टप्प्यावर वैद्य हतबल होत, तो आता आधी ओळखता येतो.